थंड नूडल्सचा गोळा होतो? कोकणातल्या हवेत काय बिघडतं आणि ते कसं सुधारायचं

मे महिना आला की हा प्रश्न हमखास येतो. मुंबईहून चाकरमानी येतात, पोरं सुट्टीत असतात, उकाड्यात गरम जेवण नकोसं होतं, आणि कुणीतरी मोबाइलवर बघितलेल्या चिनी थंड नूडल्स करायला घेतं. तासाभराने शेजारून हाक येते, "काकी, गोळो झालो!" पातेल्यात डोकावलं तर आतून कोमट, बाहेरून चिकट आणि चमच्याने कापता येईल असा एक पांढरा ढेकूळ. वर ओतलेला सॉस तळाशी पाण्यासारखा साचलेला.

बिघाड पदार्थात नाही. सिचुआन प्रांतातल्या चेंगडूत, शांघायमध्ये लोक उन्हाळाभर हेच खातात. सिचुआनी लियांगमियान म्हणजे गव्हाच्या उकडून गार केलेल्या नूडल्स, त्यावर तिळाची पेस्ट, सोया, काळा व्हिनेगर, साखर, लसूण आणि मिरचीचं तेल, सोबत काकडीचे काप आणि मोड आलेले मूग. कृती सोपीच आहे. पण ती ज्या नूडल्स आणि जे पाणी गृहीत धरते, ती दोन्ही आपल्या ओट्यावर नसतात.

गोळा नेमका कधी झाला, हे आधी आठवून बघा. चाळणीत, फ्रिजमध्ये की सॉस घातल्यावर? तिन्हींची कारणं वेगळी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर काम आणखी बिघडतं.

चाळणीतच गोळा झाला तर

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

नूडल्स शिजताना पिठातला स्टार्च फुगतो आणि त्यातला काही भाग बाहेर येऊन पृष्ठभागावर खळीसारखा बसतो. नूडल्स गरम आणि ओल्या असतात तोवर त्या एकमेकींवरून सरकतात. स्वस्थ पडून हळूहळू गार झाल्या की ही खळ घट्ट होते आणि धागे एकमेकांना धरून बसतात. म्हणजे नूडल्स गरम ते गार हा टप्पा जितक्या संथपणे पार करतील, तितका गोळा पक्का.

सिचुआनी कृतीत नूडल्स पाण्याने धुवायला सांगत नाहीत. निथळायच्या, लगेच तेल लावायचं, मोठ्या फळीवर पसरायच्या आणि पंख्याखाली सतत उचलून उचलून गार करायच्या. आपण तेच करतो आणि फसतो. दमट हवा हे अर्धंच कारण आहे. चेंगडूचा उन्हाळाही काही कोरडा नसतो. पण तिथल्या नूडल्स ताज्या असतात, पिठात क्षार घातलेला असतो त्यामुळे त्या चिवट होतात, आणि त्या जरा कच्च्या असतानाच पाण्याबाहेर काढतात. शांघायमध्ये तर आधी वाफवतात आणि मग उकळत्या पाण्यात घालतात, म्हणून धागा मोडत नाही आणि फारसा चिकटतही नाही. आपल्याकडे वाण्याकडून आणलेलं हाक्का नूडल्सचं मैद्याचं पाकीट असतं. वर छताचा पंखा. ताटात इंचभर जाड थर. आणि हवेत इतकी वाफ की दोरीवरचा टॉवेलही संध्याकाळपर्यंत वाळत नाही. पंख्याने गार होणं म्हणजे मुख्यतः ओल उडून जाणं, आणि ओल उडायला हवेत जागाच नसते.

तेव्हा कोकणात हाक्का नूडल्स करायच्या तर पंख्याचा मार्ग सोडा, पाण्याचा धरा. आता पुढची अडचण पाण्याची.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतून भर दुपारी नळाला येणारं पाणी हात धुवायलाही नको वाटतं. त्याखाली चाळणी धरून नूडल्स "गार" करायच्या म्हणजे त्यांना कोमट अंघोळ घालायची. खळ थोडी धुतली जाते, पण नूडल्स आतून गरमच राहतात आणि चाळणीत शिजत बसतात. माठातलं पाणी घ्यावं म्हटलं तर देशावर माठ जसा गार होतो तसा इथे होत नाही, कारण तेच: बाहेर पाझरलेलं पाणी उडायला हवा कोरडी लागते. विहीर असेल तर तिचं पाणी दुपारीही टाकीपेक्षा बरंच गार असतं. पण या नूडल्स धुतल्यावर पुन्हा चुलीवर जाणार नाहीत, हे लक्षात असू द्या. धुण्याचं पाणी पिण्याच्याच लायकीचं हवं. विहिरीचं असेल तर सकाळी उकळून झाकून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. बर्फही त्याच पाण्याचा.

करायचं असं. २०० ग्रॅम सुक्या नूडल्सला निदान अडीच लिटर पाणी खळखळून उकळू द्या. लहान पातेल्यात लिटरभर पाण्यात उकडल्या तर तेच पाणी पेज होतं आणि नूडल्स पेजेतून बाहेर येतात. उकळत्या पाण्यात तेल घालायचा सल्ला सगळीकडे असतो. ते तेल वर तरंगत राहतं. मी घालत नाही.

किती शिजवायच्या, यावर कृतींमध्ये वाद दिसतो. एक म्हणते कच्च्या काढा, दुसरी म्हणते पूर्ण शिजवा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पंख्याखाली गार करणार असाल तर नूडल्स आतल्या उष्णतेने पुढे शिजत राहतात, म्हणून लवकर काढायच्या. बर्फाच्या पाण्यात टाकणार असाल तर शिजणं तिथेच थांबतं आणि थंडीने त्या आणखी कडक होतात, म्हणून पूर्ण शिजवायच्या. आपण पाण्याच्या मार्गाने जातोय, तेव्हा एक धागा काढून नखाने तोडून बघा. मधला पांढरा ठिपका गेला की लगेच बाहेर. ठिपका गेल्यावर आणखी दोन मिनिटं "असू दे" म्हटलं की संपलं.

धुणं दोनदा करा. पहिलं पाणी बर्फाशिवायचं, साधं, पण भरपूर. त्यात नूडल्स हाताने चोळा. हळुवारपणाची गरज नाही, तांदूळ धुतो तशा धुवा. पाणी दुधाळ होईल, ते ओतून द्या, पुन्हा घ्या, दिसायला स्वच्छ होईपर्यंत. यातच बरीचशी उष्णता निघून जाते. मग दुसऱ्या पातेल्यात लिटरभर पाणी आणि फ्रिजमधले दोन ट्रे बर्फ घालून त्यात मिनिट-दीड मिनिट बुडवा. हा क्रम उलटा केला, म्हणजे उकळत्या नूडल्स थेट बर्फात टाकल्या, तर सगळा बर्फ पहिल्या झटक्यात वितळतो आणि हातात परत कोमट पाणीच उरतं. कोकणात बर्फ जपून वापरायची वस्तू आहे. वीज कधी जाईल सांगता येत नाही.

आता जी पायरी जवळजवळ सगळे गाळतात ती: नूडल्स कोरड्या करणं. चाळणीत पाच मिनिटं ठेवून त्या निथळतात, कोरड्या होत नाहीत. स्वच्छ सुती पंचा पसरा, त्यावर नूडल्स पातळ थरात घाला, गुंडाळी करा आणि हलकेच दाबा. पिळू नका. पंचा जेवढं पाणी पितो ते बघून आश्चर्य वाटेल. तेच पाणी एरवी सॉसमध्ये उतरलं असतं.

मग तेल. दोन लहान चमचे पुरतात. नूडल्स बोटांनी वर उचलून सोडत लावा.

तेल कोणतं, हे इथे महत्त्वाचं

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, स्वयंपाकघरात खोबरेल तेल असतंच. या पदार्थाला ते लावू नका. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. थंडीत सकाळी बाटली उलटी केली तरी तेल पडत नाही, ते याचमुळे. थंड नूडल्सवर त्याचा पांढरा मेणचट लेप बसतो, नूडल्स एकमेकींना नव्याने चिकटतात आणि टाळूला तूप थापल्यासारखं वाटतं. तूपही त्याच जातीतलं. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं किंवा तिळाचं तेल थंडीतही पातळ राहतं.

दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सची पाकिटं वापरणाऱ्यांची तक्रार अशीच असते, "गार झाल्यावर तोंडात चरबट लागतात." त्या बहुतेक पामतेलात तळून वाळवलेल्या असतात, आणि पामतेलही गार झालं की घट्ट होतं. कितीही धुतलं तरी आतलं तेल निघत नाही. शिवाय त्या फार लवकर फुगतात. थंड पदार्थासाठी पाकिटावरचे घटक वाचा. तेल लिहिलेलं असेल तर ते गरम सूपसाठी ठेवा.

नूडल्सला चावायला जरा जोर हवा असेल तर उकळत्या पाण्यात लिटरला एक सपाट लहान चमचा खाण्याचा सोडा घालून बघा. क्षारामुळे मैद्याचा चिवटपणा वाढतो आणि रंगही पिवळसर होतो. पाणी एकदम फेसाळून उतू जातं, म्हणून पातेलं अर्धंच भरा. सोडा जास्त झाला तर नूडल्स बुळबुळीत होतात आणि साबणाची चव येते. घरी पीठ मळून नूडल्स करणार असाल तर पापडखाराची चिमूट सोड्यापेक्षा चांगलं काम करते, पण चिमूट म्हणजे चिमूटच.

फ्रिजमधून काढल्यावर वीट झाली तर

रात्री करून सकाळी खायचा बेत असेल तर हे होणारच. शिजलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचनेत बसायला लागतो, आणि ही क्रिया सगळ्यात वेगाने होते ती फ्रिजच्या तापमानाला. कालचा भात फ्रिजमधून काढल्यावर टचटचीत लागतो त्याचं हेच कारण. गव्हाच्या नूडल्स दोन-तीन तास तग धरतात, तांदळाच्या अजिबात नाही.

झालेल्या विटेवर सॉस ओतून चमच्याने भोसकत बसू नका. गोळा उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा. घट्ट झालेला स्टार्च सैल होतो, धागे सुटतात. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंच्यात. ही युक्ती एकदाच चालते, दुसऱ्यांदा केली तर लगदा होतो.

सॉस आणि नूडल्स एकत्र करून फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. नूडल्स सॉसमधलं पाणी पितात, फुगतात, आणि उरलेला तीळ वर माती लिंपल्यासारखा बसतो.

सॉस घातल्यावर बिघडलं तर

दोन उलट्या तक्रारी येतात: सॉस फुटून घट्ट झाला, किंवा पाणी झाला.

पहिली तिळाच्या पेस्टची. चिनी पेस्ट चांगल्या भाजलेल्या तिळाची असते, म्हणून ती काळपट आणि खमंग असते. बाजारात मिळणारं अरबी पद्धतीचं ताहिनी फिकट असतं, त्याने तो वास येत नाही. घरी करणं उत्तम. चार मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा, गार करा, दोन चमचे तेलासोबत मिक्सरमध्ये बारीक वाटा. तीळ तडतडून काळे पडले तर टाकून द्या, कडूपणा कशानेही झाकत नाही. आपल्याकडचं घाण्याचं तिळाचं तेल बहुधा न भाजलेल्या तिळाचं असतं, त्यामुळे चिनी तेलासारखा वास त्यातून येणार नाही. तो सगळा भाजण्यातूनच आणायचा.

आता या पेस्टमध्ये सोया किंवा पाणी घातलं की पहिल्या चमच्याला ती सैल होण्याऐवजी घट्ट होते, दाणेदार दिसते. लोक इथे घाबरून भसकन पाणी ओततात आणि मग गुठळ्या तरंगत राहतात. घाबरू नका. कोमट पाणी एकेक चमचा घालत फेटत राहा. आधी घट्ट होईल, चौथ्या-पाचव्या चमच्याला अचानक मऊ आणि फिकट होईल. वाटीच्या कडेवरून दाट ताकासारखा ओघळला की थांबा. त्यानंतर दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा साखर, चार लसूण पाकळ्या ठेचून, आणि आंबट.

दुसरी तक्रार, पाणी होण्याची, तिच्यात नूडल्स ओल्या राहणं हे एक कारण वर आलंच. दुसरं कारण काकडी. श्रावण-भाद्रपदात तवसं येतं, ते चवीला छान, पण आतला बियांचा गर नुसतं पाणी. तो चमच्याने खरवडून टाका, कापांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळून घ्या, आणि सॉसमध्ये तेवढं मीठ कमी धरा. साध्या काकडीलाही हेच. मूग वाफवले असतील तर तेही पंच्यात. काकडी शेवटी, पानात वाढतानाच.

चव सपाट लागते

थंड पदार्थात गोडी आणि वास दबतात. कोमट सॉस चाखून "बरोबर" वाटला तर नूडल्सवर तो फिकाच लागणार. जीभ जरा चपापेल इतका तिखट-आंबट-गोड करा.

आंबटासाठी चीनमध्ये झेनजियांगचं काळं व्हिनेगर घेतात, चिकट तांदळापासून आंबवलेलं. आपल्या वाण्याकडचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नुसतं नाकात जातं. मी अर्धं तेच पातळ करून आणि अर्धं कोकमाचं आगळ घेते. आगळात मीठ मुरलेलं असतं, म्हणून सोया पाव चमच्याने कमी. हे चिनी लागत नाही, हे खरं. पण काळ्या व्हिनेगरचा जो मुरलेला, खोल आंबटपणा असतो त्याच्या जवळ लिंबापेक्षा आगळ जातं. नुसतं आगळ मात्र नको, व्हिनेगरचा वास या पदार्थाला हवाच.

आणि तिरफळ! सिचुआनमध्ये जीभ बधिर करणारी जी मिरी वापरतात ती आणि आपलं तिरफळ एकाच वनस्पतिवंशातली भावंडं आहेत. शहरात लोक त्या मिरीसाठी महागडी पुडी शोधत फिरतात आणि आपल्याकडे बांगड्याच्या सारासाठी डब्यात तिरफळं पडलेली असतात. वापरण्याची रीतही जवळपास तीच: काळी बी काढून टाकायची, फक्त साल घ्यायची. पाच-सहा सालं कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत गरम करून खलबत्त्यात कुटा. तिरफळाचा बधिरपणा सिचुआनी मिरीपेक्षा सौम्य, पण लाकडी-लिंबट वास जास्त. म्हणून सॉसमध्ये शिजवू नका, शेवटी वरून भुरभुरा.

मिरचीच्या तेलासाठी रंगाला ब्याडगी, झणक्याला थोडी संकेश्वरी. तेल धूर येईपर्यंत तापवलं तर पूड काळी पडते. तेलात एक तीळ टाका. तो चटकन वर येऊन तडतडला पण करपला नाही, तर ते ओतायला योग्य. तेल पूर्ण गार झाल्यावरच नूडल्सवर घ्या.

किती वेळ बाहेर ठेवायच्या

इथे मी सवलत देत नाही. शिजलेल्या भात-नूडल्समध्ये बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याची बीजं उकळण्यातून वाचतात, आणि उलट्या घडवणारं त्याचं विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. साधारण ५ ते ६० अंश हा त्याच्या सोयीचा पट्टा, आणि आपला मे महिना बरोबर त्यात बसतो. बाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. समुद्रावर न्यायच्या असतील तर नूडल्स बर्फाच्या डब्यात, सॉस वेगळ्या बाटलीत, काकडी तिसऱ्या डब्यात, आणि तिथे पोहोचल्यावर मिसळा. वीज जाऊन फ्रिज चार तासांच्या वर बंद राहिला तर त्यातल्या नूडल्स गाईलाही घालू नका, टाका.

तांदळाच्या करायच्या असतील तर

पाकिटाचा नादच नको असेल तर शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, साचा काढा. तांदळाची उकड, तिचे मुटके पाण्यात उकळून वर तरंगले की गरमच साच्यातून पाडायचे, हे सगळं नारळाच्या रसासोबत खायला करतो तसंच. फरक दोन. गूळ-वेलचीचा वास लागलेला साचा नको, तो आधी नीट धुवा. आणि पाडताना ढीग न करता तेल लावलेल्या ताटात एकेरी थर पाडा, मग तो तसाच गार होऊ द्या. या धुवायच्या नाहीत, बर्फात घालायच्या नाहीत, फ्रिजमध्ये तर नाहीच, धागा तुटतो. सॉस मात्र थंडगार ठेवा. थंडावा सॉसमधून येतो आणि शेवया मऊ राहतात.

चीनमध्ये शाआन्शी प्रांतातल्या हानझोंग भागात तांदूळ भिजवून वाटून, ते पीठ ताटात पातळ ओतून वाफवतात आणि पट्ट्या कापून अशाच तिखट-आंबट सॉससोबत खातात. तांदळाच्या फेण्या घालणाऱ्या कुणालाही हे नवं वाटायचं नाही. वाळत घालायच्या आधीची ओली फेणी म्हणजे जवळजवळ तेच. त्याच प्रांतात गव्हाची कणीक पाण्यात धुऊन, खाली बसलेल्या चिकाच्याही अशाच पट्ट्या वाफवतात, तो चीक कुरडयांच्या चिकाचा भाऊच. यासाठी पीठ आंबवू नका. चीक खाली बसायला ठेवायचा तो फ्रिजमध्ये, काही तासच. आंबवलेल्या ओल्या धान्यपिठात उष्ण दमट हवेत दुसराही एक जिवाणू वाढतो, आणि त्याचं बोंगक्रेकिक आम्ल शिजवून नष्ट होत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये चीनच्या हेइलोंगजियांग प्रांतात मक्याच्या आंबवलेल्या नूडल्स खाऊन एकाच जेवणातले नऊ जण गेले, ते या विषाने. तेव्हा वाटलेल्या पिठाला आंबूस वास आला तर त्याचं घावनही करू नका, सरळ ओतून द्या आणि तांदूळ नव्याने भिजत घाला.